चार्जिंग बोर्ड ‘डायरेक्ट’ करायचा म्हणजे नेमकं काय?

लॅपटॉप अ‍ॅडॅप्टरवर छान चालतो, पण वायर काढली की त्याच क्षणी बंद. किंवा बॅटरीचा आकडा दिवसभर १७ टक्क्यांवर अडून बसलेला आणि शेजारी सूचना, ‘जोडलेला आहे, चार्ज होत नाही’. बॅटरी नवी घातली, अ‍ॅडॅप्टर दुसरा लावून पाहिला, तरी ढिम्म फरक नाही. मग कोणी तरी जाणकार म्हणतो, ‘चार्जिंग सेक्शन गेलाय. डायरेक्ट करून टाकू.’

या ‘डायरेक्ट’मध्ये दोन अगदी वेगळी कामं एकत्र कोंबलेली असतात. त्यातलं एक करता येतं, कधी कधी करावंच लागतं. दुसरं करायला गेलात तर आग लागू शकते. ही दोन कामं वेगळी कशी ओळखायची, हे एकदा समजलं की बाकीचं सगळं हत्यारांचं आणि हातसफाईचं काम उरतं.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची कल्पना करा. मुख्य लाइनचं पाणी एका फाट्याने थेट नळांना जातं आणि दुसऱ्या फाट्याने टाकीत चढतं. टाकीच्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह असतो, टाकी भरली की तो पाणी थांबवतो. फाट्यावरचा व्हॉल्व्ह बिघडला तर मुख्य लाइन सरळ नळांना जोडून दिवस काढता येतात, फक्त नळांना तेवढा दाब सोसला पाहिजे. पण बॉल व्हॉल्व्ह काढून टाकीला लाइन जोडली तर टाकी वाहणारच. चार्जिंग बोर्डात हे दोन्ही व्हॉल्व्ह आहेत. अ‍ॅडॅप्टरची वीज मशीनकडे वळवणं हे त्याचं पहिलं काम, आणि बॅटरी मोजूनमापून भरणं हे दुसरं. पहिलं काम वायरने करता येतं. दुसरं वायरने करता येत नाही. ते दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावं लागतं.

काही जुन्या लॅपटॉपमध्ये हा खरोखरच एक वेगळा छोटा बोर्ड असायचा, जॅकसकट बाहेर निघणारा. आता बहुतेक मशीनमध्ये तो मदरबोर्डाच्या एका कोपऱ्यात, एका चिपभोवती गोळा झालेला असतो. तरी लोक बोलताना ‘चार्जिंग बोर्ड’ किंवा ‘चार्जिंग सेक्शन’च म्हणतात, मीही तेच म्हणतो.

वीज या बोर्डातून कशी जाते ते पाहू. अ‍ॅडॅप्टरमधून साधारण १९ ते २० व्होल्ट डीसी येतात. आधी एक फ्यूज. मग पाठीला पाठ लावून बसवलेले दोन मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. दोन कशाला? प्रत्येक मॉसफेटच्या पोटात जन्मजात एक डायोड असतो, त्यामुळे बंद असतानाही तो एका दिशेने वीज जाऊ देतो. दोन उलटसुलट लावले की दोन्ही दिशा अडतात. त्यापुढे ‘आर०१०’ असं लिहिलेला चपटा रेझिस्टर, म्हणजे ०.०१० ओहम. ३.३ अँपिअर करंट त्यातून गेला की त्याच्या दोन टोकांत ३३ मिलिव्होल्टचा फरक पडतो. चिप तेवढाच फरक वाचते आणि त्यावरून मशीन किती वीज ओढतंय हे तिला कळतं. हा रेझिस्टर तडकला किंवा त्याची सोल्डर सुटली की चिपला भलतेच आकडे दिसतात आणि ती चार्जिंग थांबवून बसते. बाहेरून सगळं ठीकठाक, आतून हिशेब चुकलेला.

पुढे रस्ता फुटतो, आणि इथे दोन घराणी आहेत. जुन्या पद्धतीत अ‍ॅडॅप्टरचे १९ व्होल्ट तसेच्या तसे मशीनच्या मुख्य रेलवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या मुख्य लाइनवर, जातात. त्या रेलवरून एक कन्व्हर्टर व्होल्टेज उतरवून बॅटरी भरतो. ‘बीक्यू२४७२५’ किंवा ‘आयएसएल६२५१’ अशा चिप या घराण्यातल्या. नव्या पद्धतीत अ‍ॅडॅप्टरची सगळी वीज आधी कन्व्हर्टरमधून जाते, आणि मुख्य रेल नेहमी बॅटरीच्या व्होल्टेजच्या आसपासच राहते. दोन सेलांच्या पॅकला ८ च्या घरात, तीन सेलांच्या पॅकला १२ च्या घरात. ‘बीक्यू२५७००’ ही या दुसऱ्या घराण्यातली चिप. या रेलवरचे कपॅसिटर आणि पुढचे कन्व्हर्टर तेवढ्याच कमी व्होल्टेजचा हिशेब धरून निवडलेले असतात.

म्हणजे पहिल्या घराण्यात ‘अ‍ॅडॅप्टर थेट रेलला’ हा बायपास, म्हणजे बिघडलेला भाग वगळून वायरने जोडणं, तत्त्वतः चालतो. दुसऱ्या घराण्यात तोच बायपास मदरबोर्ड जाळतो. बाहेरून दोन्ही लॅपटॉप सारखेच दिसतात. चार्जर चिपवरचा नंबर भिंगातून वाचायचा, तिची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, काढायची आणि मगच सोल्डरिंग गनला हात लावायचा, हा माझा तरी नियम आहे.

आता लक्षणांकडे परत येऊ, कारण ‘डायरेक्ट करायचंय’ म्हणणाऱ्या पुष्कळांना बायपासची मुळात गरजच नसते. मशीन अ‍ॅडॅप्टरवर चालत असेल तर पहिला व्हॉल्व्ह धडधाकट आहे. वीज मशीनपर्यंत पोचते आहे, फक्त बॅटरी भरत नाही. इथे बायपास करण्यासारखं काही नाही. बॅटरी काढून ठेवा आणि मशीन वापरा, बस्स. याउलट भरलेल्या बॅटरीवर मशीन सुरू होतं पण अ‍ॅडॅप्टर लावल्याचं त्याला कळतच नाही, तेव्हा बिघाड जॅक, फ्यूज, पुढचे मॉसफेट किंवा चिप यांत कुठे तरी आहे. खऱ्या अर्थाने बायपासचा प्रश्न फक्त इथे येतो.

पण त्याआधी चार्जिंग बोर्डावर आळ घेण्याची घाई नको. काही मशीनमध्ये बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सेटिंग असते, ती चालू राहिलेली असते. काही अ‍ॅडॅप्टर स्वतःची ओळख सांगतात. डेलच्या गोल पिनेच्या मध्यभागी जी बारीक काडी असते ती वीज नेत नाही, अ‍ॅडॅप्टर किती वॉटचा आहे हा निरोप नेते. ती काडी वाकली किंवा तिची वायर तुटली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरही मंदावतो. अ‍ॅडॅप्टरचा वायर-तुटका दोष आणि चार्जिंग चिपचा दोष पडद्यावर बऱ्याचदा सारखाच दिसतो! शिवाय मल्टिमीटर लावताना किंवा वायर जोडताना ही मधली काडी पॉझिटिव्ह समजण्याची चूक सर्रास होते. अशा पिनेत पॉझिटिव्ह असतो आतल्या नळीच्या भिंतीवर.

आणखी एक गंमत. जुन्या घराण्यातली ‘बीक्यू२४७२५’सारखी चार्जर चिप स्वतःहून काहीच भरत नाही. मशीनमधला एक छोटा कंट्रोलर बॅटरीशी बोलतो, तिला किती करंट आणि किती व्होल्टेज हवंय ते विचारतो आणि चिपला हुकूम सोडतो. हा हुकूम पुन्हा पुन्हा यावा लागतो. ‘बीक्यू२४७२५’ला मुळातल्या सेटिंगनुसार १७५ सेकंदांत नवा हुकूम आला नाही तर ती चार्जिंग थांबवते. बॅटरीच्या कनेक्टरवरच्या बारीक पिना, म्हणजे क्लॉक, डेटा आणि तापमानाची पिन, यांतली एक जरी काळवंडली तरी संभाषण तुटतं. चिप निर्दोष, बोर्ड निर्दोष, आणि तरीही चार्जिंग नाही.

एवढं तपासून झालं की मग मल्टिमीटर. बॅटरी काढून, अ‍ॅडॅप्टर लावून जॅकच्या पायांवर १९ व्होल्ट दिसतात का? फ्यूजच्या पुढे दिसतात का? पहिल्या मॉसफेटच्या पुढे? आर०१० वर? ज्या ठिकाणी व्होल्टेज गायब होतं तिथे बिघाड सापडतो, किंवा निदान त्याचा पत्ता तरी लागतो. फ्यूज उडालेला निघाला की फार आनंद होतो, कारण तो बदलणं सोपं. मीही एकदा असाच आनंदाने नवा फ्यूज लावला, तो दुसऱ्या सेकंदाला गेला. आणखी एक लावला, तोही गेला. मग शहाणपण सुचून वीज काढून टाकली आणि रेल ते ग्राउंड, म्हणजे निगेटिव्ह बाजू, रेझिस्टन्स मोजला, तो जवळजवळ शून्य. एक कपॅसिटर शॉर्ट होता. अशा मशीनवर फ्यूजच्या जागी वायर टाकली असती तर तो बायपास नव्हे, हीटर झाला असता. रेल शॉर्ट नाही याची खात्री झाल्याशिवाय कुठलाही बायपास करू नये.

आता तो दुसरा व्हॉल्व्ह. बॅटरीला अ‍ॅडॅप्टर थेट का लावता येत नाही?

लिथियम-आयन सेल १९९१ पासून बाजारात आहेत. त्यांचा सगळ्यात ओळखीचा साचा म्हणजे १८६५०, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. नेहमीचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर असतो, आणि ती मर्यादा खरोखर काटेकोर आहे. साधारण ०.०५ व्होल्ट इकडेतिकडे, त्यापलीकडे नाही. भरण्याची रीतही ठरलेली आहे. आधी करंट कायम धरायचा आणि व्होल्टेज हळूहळू चढू द्यायचं. ४.२ गाठले की व्होल्टेज कायम धरायचं आणि करंट आपोआप ओसरू द्यायचा. तो सुरुवातीच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्यावर आला की थांबायचं, पूर्ण थांबायचं. सेल फार रिकामा, म्हणजे ३ व्होल्टच्याही खाली असेल, तर आधी अगदी थोड्या करंटने त्याला वर आणायचं. गोठणबिंदूखाली तर भरायचंच नाही, कारण लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं आणि त्याचे काटे पुढे आतला पडदा भेदू शकतात.

तीन सेल ओळीने जोडले की पूर्ण व्होल्टेज १२.६. त्यावर १९.५ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर थेट लावला तर प्रत्येक सेलच्या वाट्याला ६.५ व्होल्ट यायला बघतात. पॅकचा आतला रेझिस्टन्स इतका कमी असतो की हिशेबाने दहा अँपिअरच्या कितीतरी वर करंट धावायला हवा. साधा अ‍ॅडॅप्टर तेवढा देऊ शकत नाही, तो हात टेकतो आणि बंद-चालू होत राहतो. ‘मी लावून पाहिलं, काही झालं नाही’ असं जे लोक सांगतात त्यांना बऱ्याचदा अ‍ॅडॅप्टरने वाचवलेलं असतं. सगळे अ‍ॅडॅप्टर वाचवत नाहीत. मर्यादेपलीकडे भरत गेलेल्या सेलमध्ये द्रव इलेक्ट्रोलाइट विघटित होतं, वायू तयार होतो, पॉझिटिव्ह बाजूच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटू लागतो, आणि एका टप्प्यानंतर सेल स्वतःच्याच उष्णतेने तापत जातो. ती आग वायर उपटून थांबत नाही. टाकीचा दाखला इथे संपतो, कारण टाकी वाहिली तर फक्त फरशी ओली होते.

‘पण पॅकच्या आत संरक्षण असतंच ना?’ असतं. पहिला पहारेकरी व्होल्टेज वाढलं की पॅकचे मॉसफेट बंद करतो. तो चुकला तर दुसरा पहारेकरी एक तीन पायांचा फ्यूज मुद्दाम वितळवतो. तो एकदा गेला की पॅक कायमचा मेला, मेमरीत तशी खूणही कोरली जाते. हे पहारेकरी अपघातासाठी ठेवलेले आहेत. त्यांच्याकडून रोजची चार्जरगिरी करून घेणं म्हणजे गाडी रोज भिंतीवर आपटून थांबवण्यासारखं.

कन्व्हर्टर कशाला हवा, मधे एखादा जाड रेझिस्टर लावला तर? हा प्रश्न हमखास येतो. १९.५ चे १२ करायचे म्हणजे ७.५ व्होल्ट जिरवायचे. ३ अँपिअरला ती २२.५ वॉट उष्णता झाली, जवळजवळ छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. आणि सेल भरत आला तरी रेझिस्टर थांबत नाही, त्याला ४.२ कळत नाही. बोर्डावरचा कन्व्हर्टर सेकंदाला काही लाख वेळा स्विच चालू-बंद करून, कॉइलमधून ते धक्के गुळगुळीत करून हेच काम थोडक्या उष्णतेत करतो. अगदी जुन्या निकेलवाल्या मशीनमध्ये आणखी वेगळं गणित होतं. तिथे पूर्ण भरल्यावर व्होल्टेज किंचित घसरतं, ती घसरण ओळखून बोर्ड थांबायचा. म्हणून निकेलचा चार्जर लिथियमला लावायचा नाही, आणि उलटही नाही.

तर मग करायचं काय? सगळ्यात बिनधोक वाट म्हणजे बॅटरी काढून फक्त अ‍ॅडॅप्टरवर चालवणं. वीज गेली की काम गेलं, हे उघडच आहे. काही मशीन बॅटरी नसली की प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, कारण क्षणिक जास्त मागणी एरवी बॅटरी भागवत असते. अ‍ॅपलच्या काही जुन्या मॅकबुकमध्ये हे स्पष्ट दिसायचं. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट बॅटरीशिवाय बहुधा नाकारलं जातं. आत नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल नसेल तर तारीखही विसरते.

यूएसबी-सी पोर्टवरून पॉवर डिलिव्हरी (यूएसबीची जास्त वीज देण्याची पद्धत) घेणारं मशीन असेल तर ती दुसरी वाट आधी करून पाहा. त्यात ५, ९, १५, २० व्होल्ट अशा पायऱ्या असतात आणि १०० वॉटपर्यंत वीज मिळते. २०२१ च्या सुधारणेनंतर ती मर्यादा २४० वॉटपर्यंत गेली. गोल जॅक किंवा त्याचा छोटा बोर्ड गेला असेल तर यूएसबी-सी हाच तयार बायपास, सोल्डरचा एक थेंबही न लागता. मात्र दोन्ही वाटा पुढे त्याच एका चार्जर चिपला मिळत असतील आणि चिपच गेली असेल, तर दोन्हीकडे अंधार. तेही एक निदानच म्हणायचं.

आता प्रत्यक्ष वायरचा बायपास. फक्त पहिल्या घराण्यातलं मशीन, फक्त बॅटरी बाहेर काढलेली असताना. जॅकच्या पॉझिटिव्हपासून ५ अँपिअरचा फ्यूज घालून वायर त्या दोन मॉसफेटच्या पुढच्या बाजूला, मुख्य रेलवर. ६५ वॉटच्या मशीनला १९.५ व्होल्टवर ३.३ अँपिअर लागतात, म्हणून हेडफोनची वायर चालणार नाही. अर्धा चौरस मिलिमीटर तांबं तरी हवं. ते मॉसफेट हळूहळू उघडून कपॅसिटर सावकाश भरायचे, ती सोय आता गेली. म्हणून आधी पिन लॅपटॉपमध्ये घाला आणि मगच अ‍ॅडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावा, नाहीतर पिनेवर ठिणगी पडते. उलट पोलॅरिटी आणि जादा व्होल्टेजपासूनचं संरक्षणही गेलं. भलत्याच अ‍ॅडॅप्टरची चूक आता कोणी पोटात घालणार नाही.

एवढं करूनही मशीन मख्खपणे बसून राहू शकतं. रेलवर १९ व्होल्ट आहेत, बटण दाबलं, काहीच नाही. कारण बऱ्याच मशीनमध्ये ‘अ‍ॅडॅप्टर आला’ हा निरोप चार्जर चिपच कंट्रोलरला देते. चिप मेली तर निरोप नाही, निरोप नाही तर कंट्रोलर मशीन उठवत नाही. ती लाइन योग्य व्होल्टेजवर वर ओढणारे लोक आहेत, पण त्यासाठी स्किमॅटिक, म्हणजे सर्किटचा नकाशा, समोर हवा. अंदाजाने करण्याचं हे काम नाही.

तिथे मला नकली बॅटरीची युक्ती जास्त पटते. जॅकला काहीच लावायचं नाही. बॅटरीच्या कनेक्टरवरच्या जाड पिनांना बाहेरून पॅकच्या लेबलएवढं, म्हणजे उदाहरणार्थ ११.१ व्होल्ट स्थिर डीसी द्यायचं, एक तर बेंच पॉवर सप्लायने किंवा अ‍ॅडॅप्टर आणि व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर वापरून. मशीनला वाटतं आपण बॅटरीवर आहोत. दोन्ही घराण्यांत हे चालतं, कारण ते व्होल्टेज रेलला सोसणारंच असतं. काही मशीन मात्र डेटा पिनेवर उत्तर मिळालं नाही की बॅटरी मानायलाच नकार देतात.

राहिली खरी बॅटरी भरण्याची गोष्ट. त्याच मॉडेलचं दुसरं चालू मशीन असेल तर त्यात भरणं सगळ्यात चांगलं, तिथला बॉल व्हॉल्व्ह शाबूत आहे. नाहीतर करंट आणि व्होल्टेज दोन्ही मर्यादित करता येणारा सप्लाय किंवा लिथियमसाठीचा चार्जर. त्याचं व्होल्टेज लेबल वाचून ठरवायचं. १०.८ किंवा ११.१ लिहिलं असेल तर १२.६. ११.४ लिहिलं असेल तर सेल ४.३५ व्होल्टवाले, म्हणून १३.०५. शंका असेल तर कमीच आकडा धरा, बॅटरी थोडी कमी भरेल एवढंच. करंट क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याइतका पुरे, ४४०० मिलिअँपिअर-तासाच्या पॅकला ०.९ अँपिअरच्या आसपास. पॅक फुगलेला नको, शेजारी जळण्यासारखं काही नको, आणि पूर्ण वेळ माणूस जवळ हवा. पॅकच्या पिनांवर शून्य व्होल्ट दिसले म्हणून तो मेला असं लगेच समजू नका. पुष्कळ पॅक ‘मी मशीनमध्ये बसलोय’ हे सांगणारी एक पिन ग्राउंडला लागेपर्यंत आउटपुट उघडतच नाहीत.

वायरचा बायपास केलेल्या मशीनच्या आत, बॅटरीच्या खाचेत, मी कागदाची चिठ्ठी चिकटवतो: ‘चार्जिंग डायरेक्ट केलेलं आहे. बॅटरी बसवू नये.’ खाली तारीख. सहा महिन्यांनी तो लॅपटॉप दुसरा कोणी तरी उघडेल, रिकामी खाच पाहील आणि मदत म्हणून त्यात नवी बॅटरी घालेल. बिघडलेल्या बोर्डावरचा बॅटरीचा मॉसफेट तोवर शॉर्ट झालेला असेल, तर १९ व्होल्ट आणि त्या नव्या बॅटरीच्या मधे त्या चिठ्ठीशिवाय दुसरं काहीच नसेल.